तीन बोटं

"तीन बोटं घाला," आपा म्हणाली.

अब्बांनी तिच्याकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि शांतपणे तीन बोटं समोरच्या चहाच्या कपात बुडवली.

"तोंडात, अब्बा! चहात नव्हे!"

"असं होय," अब्बा म्हणाले आणि बोटं सदऱ्याला पुसली. चहा गार झालेला होता, त्यामुळे जीवितहानी झाली नाही.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण रुबिना. ती नुकतीच मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली होती, आणि घरातल्या प्रत्येक हाडाकडे संशयानं बघायची. तिनं मला समोर बसवलं आणि करून दाखवायला लावलं. बोटं एकावर एक उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालायची. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन जातात. माझी तीन आरामात गेली. मला तेव्हा नोकरी नव्हती, लग्न ठरत नव्हतं. तेवढं एक यश मी बराच वेळ तोंडात धरून बसलो.

"काढ आता," आपा म्हणाली. "अब्बा, तुम्ही."

अब्बांचं एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं.

"अजून उघडा."

"एवढंच," अब्बा म्हणाले.

ते नेहमीच हळू बोलायचे. इतकं हळू, की गिऱ्हाइकं पुढं वाकायची आणि आपोआप आदरानं बोलायला लागायची. गल्लीत त्याला तहजीब म्हणत. अम्मी मात्र कायम ओरडून बोलायची. गल्लीत त्याला काय म्हणत ते सांगत नाही. एक कुजबुजतोय, दुसरी ओरडतेय, म्हणजे सरासरी बरोबर येते, असं मी लहानपणी समजत होतो. आमच्या घरात दखनी आणि मराठी एकाच ताटात वाढतात. इथं मी मराठी तेवढी निवडून घेतलीय.

अब्बांचा जबडा वाजायचा. घास चावताना कानाच्या पुढं 'कट्' असा आवाज. आम्ही तो ऐकत मोठे झालो. बाकीच्यांच्या घरात भिंतीवर घड्याळ असतं. त्या आठवड्यात मात्र भडंग खाताना तो आवाज एकदम बंद झाला आणि तोंडही तिथंच थांबलं. तेव्हापासून अब्बा वरणभात चमच्याच्या टोकानं आत सरकवत होते, पत्र टाकल्यासारखा.

"दुखतंय कुठं?" आपानं त्यांच्या गालावर बोटं दाबली.

अब्बा तिच्या ओठांकडे बघत होते. "इथं. आणि मानेत. डोक्यातपण."

"कधीपासून?"

"आत्ताच."

"आत्ताच नाही," अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली. "तू दहावीला होतीस तेव्हापासून!"

आपा अब्बांच्या मागं गेली. मग बाजूला गेली. मग मला म्हणाली, "इल्यास, एक पडलेला तंबोरा आण."

आमच्या घरात पडलेला तंबोरा मागणं म्हणजे दुसऱ्या घरात वाटी मागण्यासारखं होतं. मिरजेत आमची अख्खी गल्ली सतार आणि तंबोरे करते. कुणी भोपळा घासतो, कुणी दांडी जोडतो, कुणी नक्षी भरतो. सगळं झालं की तंबोरा अब्बांकडे यायचा. अब्बा जवारी लावायचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा, की तार तिला टेकावी आणि टेकूही नये. जमलं तर एका तारेच्या मागं दहा माणसं गुणगुणत उभी राहतात. एक हात जास्त फिरला तर त्या दहाही जणांचा जनाजा. याला माप नाही, यंत्र नाही, नुसता कान. पलीकडच्या गल्लीतल्या एका कारागिराला सर्दी झाली होती आणि कानांना दडे बसले होते. चार लोकांना कळलं. सर्दी गेली, गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

आपानं तंबोरा उभा धरला. "ही दांडी म्हणजे मान. भोपळा म्हणजे डोकं."

"उलटा धर मग," मी म्हणालो.

तिनं खरंच उलटा धरला. भोपळा वर, दांडी खाली. "आता डोकं मानेवर सरळ असलं तर ताण नाही. पण हे असं पुढं आणि डावीकडं कललं, की मागच्या सगळ्या तारा ओढल्या जातात. पुढच्यापण. आणि खालचा जबडा कुठं अडकवलाय? त्याच तारांवर. तो मागं खेचला जातो, सांध्यातली गादी जागेवरून सरकते. आधी कट् वाजतं. मग एक दिवस वाजत नाही, तेव्हा दार लागलेलं असतं."

"इतकी वर्षं मान वाकडी करून बसतात, म्हणून?"

"म्हणून. आणि दात आवळायची सवय. बघ गालाचे स्नायू, दगड झालेत. अब्बा, तुम्ही काम करताना दात आवळता?"

"हं," अब्बा म्हणाले. त्यांची 'हं' सगळ्या प्रश्नांना चालायची. तिच्यावर मी एकदा मोटारसायकल घेतली होती.

अब्बा कसे काम करतात हे खरं म्हणजे कुणी नीट बघितलं नव्हतं. कानस चालवताना ते सगळ्यांसमोर बसायचे. शेवटचा हात फिरवायची वेळ आली की पडदा ओढायचे. फटीतून दिसायची ती फक्त पाठ: भोपळ्यावर पालथी पडलेली, मान डावीकडं मुरगळलेली, तोंड पार तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, कडेला, जणू भोपळ्याला शेजारणीचं काही सांगतायत. पडदा सरकला की तंबोरा तयार असायचा, आणि तबलीच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर दोन बारीक खाचा असायच्या. ती अब्बांची निशाणी. धारवाडपासून कोलकात्यापर्यंत जाणकार लोक तंबोरा हातात घेतला की आधी त्या खाचांवरून अंगठा फिरवायचे. गल्लीतल्या मेहबूबनं खिळ्यानं तशाच खाचा मारून बघितल्या, पण त्याच्या फार सुबक आल्या. लोकांनी लगेच ओळखलं.

उपचार दुसऱ्या दिवशी सुरू झाले. आपानं अब्बांच्या मानेला पट्टा घातला. दातांवर बसवायला मऊ प्लास्टिकचा साचा करून आणला, जेवताना सोडून कायम घालायचा, म्हणजे दात दातांना लागणार नाहीत. वाकून बसायचं नाही. दातांत काही धरायचं नाही. हनुवटी मागं ओढायचा व्यायाम, दिवसातून पाच वेळा. या वेळा पाळायला अब्बांना काही अडचण नव्हती, नमाजानंतर लगेच हनुवटी ओढायचे.

"आणि काम?" अम्मीनं ओरडून विचारलं.

"काम डोळ्यांच्या उंचीवर. इल्यास, काहीतरी कर."

मी इस्त्रीचं टेबल आणलं. त्याला उंची कमी-जास्त करता यायची, आणि एवीतेवी आमच्या घरात कपड्यांना इस्त्री ही अफवाच होती. त्यावर तंबोरा आडवा ठेवला. पलीकडं अब्बा खुर्चीत ताठ, मानेला पट्टा, तोंडात साचा, शाळेत फोटोला बसवलेल्या पोरासारखे. तंबोऱ्याचं ऑपरेशन चाललंय आणि सर्जनलाच भूल दिलीय असं ते दृश्य होतं. मी ते बोललोसुद्धा. अब्बा हसले. माझे विनोद त्यांना फार आवडायचे; कुठलाही सांगितला तरी ते त्याच जागी, तेवढेच हसायचे.

आपानं पडदाही काढून टाकला. "मला मान दिसली पाहिजे," ती म्हणाली आणि मला पहारेकरी नेमलं. अब्बा जरा वाकले की मी "मान!" म्हणून ओरडायचो. नंतर नंतर समोरच्या दुकानातली माणसंही ओरडायला लागली. एक दिवस रस्त्यानं जाणारा भाजीवाला "मान!" म्हणून ओरडला आणि पुढं गेला.

गुण येत होता. दुसरं बोट गेलं. मग एका शुक्रवारी, नमाजाहून आल्यावर, तिसरं बोट नखापर्यंत गेलं. आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नोकरीतला तो पहिलाच जबडा होता. अम्मीनं भजी तळली. अब्बांनी अख्खं भजं तोंडात घातलं, चावलं. कट् वाजलं नाही.

"कसं वाटतंय?" आपानं विचारलं.

"हं," अब्बा म्हणाले. भजं गिळून झाल्यावर ते उठले आणि दुकानात जाऊन बसले. काम नव्हतं, तरी बसले. त्या महिन्यात ते तसेच बसायला लागले होते. इस्त्रीच्या टेबलावरचा तंबोरा छेडायचे, थांबायचे, परत छेडायचे, आणि दाराबाहेर बघायचे. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "कसा वाटतो रे?" जन्मात त्यांनी मला तंबोऱ्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मला सगळेच तंबोरे सारखे वाटतात.

"मस्त," मी म्हणालो.

"गोल आहे? की मध्येच तुटतो?"

"गोल. एकदम गोल."

त्यांनी कानस खाली ठेवली. त्या तंबोऱ्यावर बाहेर 'बेडेकरबाई, सांगली' अशी चिठ्ठी होती.

यमुनाताई बेडेकर सांगलीला गाणं शिकवायच्या. साठीच्या पुढं गेलेल्या, लहानखुऱ्या. बोलायला लागल्या की खोली त्यांची. लग्न होऊन आल्यापासून त्यांचे तंबोरे अब्बांकडे. गुरूंच्या पुण्यतिथीला त्या फार वर्षांनी स्वतः गायला बसणार होत्या, म्हणून तंबोरा जवारीला टाकला होता. मीच त्याला पॉलिश मारून तो सांगलीला पोचवून आलो.

दोन दिवसांनी दुपारी त्या रिक्षातून उतरल्या. तंबोरा मुलासारखा पोटाशी धरलेला.

"दस्तगीर," त्या दारातूनच म्हणाल्या, "हा झोपलाय."

अब्बा त्यांच्याकडे बघत राहिले. रस्त्यावर ट्रॅक्टर चालला होता, तरी बाईंचा शब्द न् शब्द मला कळला. अब्बांनाही कळला असावा, कारण ते उभे राहिले.

"जोडाच्या तारा बऱ्या आहेत. खर्ज नुसता धप्प म्हणतो. पंचमाला तर काही बोलायचंच नाहीये. मी तीनदा तारा बदलल्या. शेवटी म्हटलं तारेचा दोष नाही." त्यांनी तंबोरा टेबलावर ठेवला, चष्मा वर केला. "आणि तुमची निशाणी कुठाय?"

मी बघितलं. पांढरी पट्टी कोरी होती.

"बसा ना, ताई," अब्बा म्हणाले.

"बसते. आधी सांगा. गेल्या आठ-दहा वर्षांत निशाणीशिवाय एक वाद्य तुम्ही हातावेगळं केलं नाहीत. दुसऱ्याकडून करून घेतलंत? तसं सांगायचं. तब्येत बरी नसेल तर मी थांबले असते. पण तुमच्या नावावर दुसऱ्याचं काम..." त्यांचा आवाज अर्ध्यात थांबला. रागावलेल्या नव्हत्या त्या. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "का कान गेला तुमचा?"

हे त्या टोमण्यासारखं बोलल्या, आपण सहज बोलतो तसं. पण समोरच्या दुकानात कानशी थांबल्या. मेहबूबनं मान बाहेर काढली. या वेळी "मान!" असं कुणी ओरडलं नाही.

अब्बांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी बघितलं. चाळ रिकामी करायला सांगितल्यावर माणसं दारात उभी राहतात तशी त्यांची नजर झाली होती. का, ते मला कळलं नाही. पण माझं तोंड नेहमीच माझ्या आधी पोचतं.

"मी केलं, ताई," मी म्हणालो.

"काय?"

"जवारी. अब्बांच्या मानेला पट्टा, बघताय ना. त्यांना न सांगता मीच हात मारला. म्हटलं बघू जमतंय का."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी उंची कमी झाल्यासारखी वाटली. "जमलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही जमलं."

"पुन्हा हात लावू नकोस. कशालाच." मग अब्बांकडे वळून, हळू आवाजात, "परवा येते. तुम्ही स्वतः करा."

रिक्षा गेली. मेहबूबची मान आत गेली. थोड्या वेळानं त्याच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला, म्हणजे बातमी पोचली होती.

मी अब्बांना म्हणालो, "आता मला मोटारसायकल विकायला लावू नका."

ते हसले नाहीत. उठून त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पडद्याचं कापड खुंटीला अडकवलेलं होतं, ते काढून दोरीवर टाकलं, पण ओढलं नाही. माझ्यासमोर त्यांनी मानेचा पट्टा सोडला. तोंडातला साचा काढला आणि चहाच्या बशीत ठेवला. तंबोरा इस्त्रीच्या टेबलावरून उचलून खाली चटईवर घेतला. जुन्या जागेवर बसले, भोपळ्यावर पालथे झाले, मान डावीकडं वळवली, वळवली, अजून वळवली, आणि तबलीच्या कडेची पांढरी पट्टी दातांत धरली.

मग तार छेडली.

मी तिथं उभा होतो. मला तो खर्ज आधीसारखाच ऐकू आला. अब्बांचे डोळे मिटले. पुन्हा छेडली. त्यांची भुवई जराशी हलली, कुणीतरी लांबून नाव घेऊन हाक मारल्यासारखी. दात तसेच ठेवून त्यांनी हातानं कानस चाचपली, घोडीवर एक हात फिरवला. छेडली. अजून एक. अंदाजानं नाही, वाचल्यासारखं.

"अब्बा!"

आपा शटरखालून वाकून आत आली होती. हॉस्पिटलचा पांढरा कोट, हातात रिकामा डबा. "काय करताय हे! सगळं पाण्यात घातलंत. इल्यास, तू उभा राहून बघतोयस? पट्टा कुठाय? मी सांगितलं होतं ना, दातांत काही..."

अब्बा वळले नाहीत. तिच्याकडे पाठ होती.

"अब्बा," ती परत म्हणाली. या वेळी नेहमीच्या आवाजात. म्हणजे आमच्या घरातल्या नाही, माणसांच्या नेहमीच्या आवाजात.

अब्बांनी पुढची तार छेडली.

आपानं डबा खाली ठेवला. कोटाच्या खिशात तिचा ट्यूनिंग फोर्क असायचा, लोखंडी चिमट्यासारखा. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला लावून बघायचा, झिणझिण कळते का ते. तो तिनं तळहातावर मारला आणि अब्बांच्या मागून उजव्या कानाजवळ नेला. मला गुणगुण ऐकू येत होती. अब्बा कानस शोधत होते. डाव्या कानाजवळ नेला. काही नाही.

मग तिनं तो पुन्हा मारला आणि त्याची दांडी अब्बांच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

अब्बा थांबले. दात पट्टीवरून सुटले. मान न वळवता म्हणाले, "पेटीची पांढरी एक. खर्जातली. जरा उतरलीय."

अब्बांनी मागं बघितलं, तिच्या हातातला फोर्क बघितला आणि त्यांना कळलं की आम्हाला कळलंय.

"कधीपासून?" आपानं विचारलं. तोच प्रश्न, तोच पेशंट.

"तू दहावीला होतीस," अम्मी मागच्या दारातून म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. "सांगितलं होतं की मी."

"जबड्याचं सांगितलंस!"

"दोन्ही एकच आहे की."

मला एकेक गोष्ट आठवत गेली, कपाट उघडल्यावर अंगावर भांडी पडावीत तशी. फोन ते कानाला न लावता गालाच्या हाडाला लावायचे; मी म्हणायचो, अब्बांना मोबाइल समजत नाही. स्वतःचा आवाज त्यांना आतून मोठा ऐकू यायचा, म्हणून हळू बोलायचे. आणि माझे विनोद. ते माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे. एकही ऐकलेला नव्हता.

आपा चटईवर बसली, त्यांच्या समोर, ओठ दिसतील असं. "कानातलं हाड आखडलं असेल. हाडातून ऐकू येतंय म्हणजे आतली नस चांगली आहे. मशीन मिळतं. ऑपरेशन होतं."

"दाखवलं होतं. पुण्यात. तुम्हाला सांगितलं होतं लग्नाला गेलो म्हणून." अब्बा शांतपणे सांगत होते. "डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननं बहुतेक सुधारेल, पण एखाद्याचं पार जातंसुद्धा. मग दातांतूनही येणार नाही. मशीन लावून बघितलं. त्यात तंबोरा पत्र्याचा होतो."

"म्हणून दातांनी?"

"एकदा दोरा दातांत धरून तार बांधत होतो. भोपळ्याला दात लागले. सगळं आत आलं. पूर्वी येत होतं त्यापेक्षा जवळ." त्यांनी अंगठ्यानं पट्टीवरच्या ताज्या खाचा चाचपल्या. "आधी मला वाटलं, मेलो बिलो की काय."

"अब्बा, हे असं चालू ठेवलंत तर तोंड परत बंद होईल. या वेळी माझ्यानंही उघडणार नाही. जेवता येणार नाही तुम्हाला. बोलता येणार नाही."

अब्बांनी तंबोऱ्यावरची धूळ हातानं पुसली.

"तोंड उघडून मी असं काय मोठं बोलत होतो, बेटा?"

मी काठीची कल्पना काढली. एक लाकडी काठी दातांत, दुसरं टोक तंबोऱ्यावर, मान सरळ. करूनही बघितली, तिथंच. चालत होती ती, थोडीफार. पण दात आवळायचे ते आवळायचेच होते, आणि दातांत काठी धरलेला कारागीर एकदा गिऱ्हाइकानं बघितला की पुढचा प्रश्न तो विचारणारच. अब्बांनी काठी मला परत दिली. आपा बराच वेळ बशीतल्या साच्याकडे बघत बसली. मग उठून तिनं स्वतःच्या हातानं पडदा ओढला.

बेडेकरबाई ठरल्या दिवशी आल्या. चटईवर बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटले. खोली गुणगुणायला लागली. मला खरंच वाटलं मागं कुणी उभं आहे, म्हणून मी वळून बघितलं. मग त्यांनी पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता तुमचा."

जाता जाता माझ्यासमोर थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाला कान नसतो. तू पॉलिश चांगलं करतोस."

अब्बा त्यांच्याकडे बघत होते, म्हणजे त्यांच्या ओठांकडे. सगळं वाचलं त्यांनी. ते काही बोलले असते तर दुकान गेलं असतं. बोलले नाहीत. मीच डोळ्यांनी खूण केली, असू दे.

त्या वाक्यावर मी अजून जगतोय. मिरजेत मला जवारीला कुणी तंबोरा देत नाही. दस्तगीरचा मुलगा, पण सूर नाही, असं मेहबूबचे नातू नवीन गिऱ्हाइकांना सांगतात, आणि पॉलिशसाठी माझ्याकडेच पाठवतात.

अब्बांचं तोंड बंद होत गेलं, आपानं सांगितलं होतं तसं. आपा रोज संध्याकाळी त्यांच्या गालांना शेक द्यायची, अंगठे दाबायची, मग म्हणायची, "घाला." अब्बा घालायचे. एक बोट. मग नखापुरतं. मग नळी. अम्मी पेज करायची, ते नळीतून ओढायचे. मान डावीकडं अशी बसली की फोटोत सगळीकडं ते कुणाचं तरी गुपित ऐकताना दिसतात. शब्द तर आधीच कमी होते. पण तंबोरे येत राहिले, आणि पडद्यामागून तारेचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. मी माझे विनोद लिहून त्यांना दाखवायला लागलो. खरे किती वाईट आहेत ते तेव्हा त्यांना कळलं. हसायचे मात्र आता वेगवेगळ्या जागी.

ते गेले दुपारी, जोहरच्या नमाजानंतर, घरी, पलंगावर. फार काही झालं नाही. श्वास लांब पडत गेला, आणि एक पडलाच नाही. अम्मीनं डोळे मिटवले.

आमच्यात माणूस गेला की हनुवटीखालून डोक्यावर कापडाची पट्टी बांधतात, तोंड उघडं राहू नये म्हणून. हे लवकर करायचं असतं. मामू पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून घेऊन आले, आणि उशाशी थबकले.

सगळे स्नायू सैल पडले होते. अब्बांची मान उशीवर सरळ झाली होती. आणि खालचा जबडा सावकाश, कुठंही न अडकता, खाली आला होता.

मी म्हणणार होतो, यांना पट्टीची गरज नाही. इतकी वर्षं मीच हा विनोद राखून ठेवला होता. तो चुकला.

आपा उशाशी बसली होती. तिनं हात पुढं केला, बोटं एकावर एक उभी धरली आणि अलगद त्यांच्या दातांमध्ये नेली. मग माझ्याकडे बघितलं.

"तीन," ती म्हणाली.

मामूंनी पट्टी पुढं केली. "बेटी, उशीर होतोय."

"थोडा वेळ राहू द्या की, मामू," आपा म्हणाली. "आत्ता कुठं उघडलंय."

मामू पट्टी हातात धरून तसेच उभे राहिले.